जुनी लोकर

विणकाम आमच्या घराण्यात नव्हते. आजीने गोधड्या शिवल्या, आईने झबल्यांना टिपा घातल्या, आत्याने उशांच्या अभ्र्यांवर मोर भरले. पण लोकर म्हटली की आम्हांला आठवे ती धनगराची घोंगडी. पुण्याची थंडी ती केवढी! चार दिवस कानटोपी घालावी, पहाटे बंबापाशी हात शेकावेत, की संक्रांत येते आणि दिवस तिळातिळाने मोठा होऊ लागतो. शाळेत शिवणाच्या बाईंनी क्रोशाची जाळी शिकवली होती. तिचा उपयोग रेडिओवर घालायचा रुमाल करण्यापलीकडे पुढे कुणाला झाल्याचे ऐकिवात नाही.

१९६१ च्या पावसाळ्यात यांच्या नोकरीपायी मी दिल्लीला गेले. लोदी कॉलनीत सरकारी क्वार्टर मिळाले होते. (त्याच कॉलनीच्या भिंतींवर आता मोठमोठी चित्रे काढली आहेत आणि लोक ती मुद्दाम पाहायला जातात. आमच्या वेळी त्या भिंतींवर पिवळा चुना होता आणि मुलांनी कोळशाने काढलेले स्टंप.) त्या वर्षी दिवाळी झाली, पहाटे धुके पडू लागले आणि एके दिवशी अकराच्या सुमारास घराघरांतून खाटा बाहेर आल्या. खाटांवर बायका, बायकांच्या पुढ्यात मटारची परात, शेजारी भुईमुगाच्या शेंगा आणि झाडून सगळ्यांच्या हातांत सुया! ऊन सरके तशा खाटा सरकत. गप्पा चालत, भांडणे चालत, मुलांना धपाटे बसत. सुया थांबत नसत. बसमध्ये पुढच्या बाईच्या पाठीवरची वीण आवडली, तर मागची बाई तिचे टाके मोजता मोजता आपला थांबा सोडून पुढे जाई. सगळी दिल्ली जणू एका लांबच लांब लोकरीच्या धाग्याला बांधलेली होती, आणि मी त्या धाग्याबाहेर, हातात ‘स्त्री’ मासिकाचा अंक घेऊन एकटीच.

पुढच्या हिवाळ्यात मला त्या धाग्याला हात घालावा लागला, कारण फाल्गुनात माझे बाळंतपण होते.

मला शिकवले आमच्या शेजारणीने. आम्ही त्यांना भाभीजी म्हणत असू. वय पस्तिशीचे, हाडापेराने मोठ्या, आवाज तसाच मोठा. मूळ रावळपिंडीच्या. १९४७ साली घरदार सोडून निघाल्या तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या आणि बरोबर नऊ वर्षांचा धाकटा भाऊ. आईबापांचे काय झाले ते त्यांनी कधी सांगितले नाही, मीही विचारले नाही. कुरुक्षेत्राच्या छावणीत त्यांनी त्या भावाला सांभाळले, दिल्लीत आणून शिकवले, आणि तो फौजेत गेला तेव्हा साऱ्या अंगणाला लाडू वाटले.

“हा सीधा फंदा, हा उल्टा फंदा,” भाभीजींनी पहिला धडा दिला. आपल्याकडे ज्याला सुलट टाका आणि उलट टाका म्हणतात, तेच हे. संध्याकाळी यांना सांगितले, तर हे म्हणाले, “म्हणजे तूही शेवटी या फंदात पडलीस!” पण काम वाटते तसे अवघड नाही. टाके दोनच. एक सुलट, एक उलट अशी चार बोटे पट्टी विणली की ती कमरेला घट्ट बसते. पुढे एक ओळ सुलट, एक ओळ उलट. अंगावर येते ते गणित. तान्ह्या मुलाच्या जाकिटाची पाठ साठ टाक्यांची. ते जाकीट पुढून उघडे हवे, कारण तान्ह्याच्या डोक्यावरून काही घालणे म्हणजे घरात आकांत. आणि लोकर कितीही मऊ असली तरी आतून मलमलचे झबले हवे, नाहीतर ती टोचते. करोलबागेतून मी ‘लाल इमली’च्या पांढऱ्या लोकरीचे गुंडे आणले आणि कोजागिरीच्या सुमारास साठ टाके घातले.

तेवढ्यात २० ऑक्टोबर उजाडला आणि चीनचे सैन्य नेफात उतरले. नेफा म्हणजे आताचा अरुणाचल प्रदेश. तेव्हा तो आम्हां बायकांना नकाशावर धड दाखवता आला नसता. पण आठ दिवसांत नामका चू, सेला, बोमडिला ही नावे भाजीवाल्याच्या तोंडीही आली. त्याबरोबर आणखी एक गोष्ट कानांवर आली, आणि तिने जितके मन पोळले तितके कशानेही नाही. पंजाबच्या सपाटीवरून हलवलेल्या आपल्या कितीतरी जवानांना चौदा-पंधरा हजार फुटांवर उन्हाळी गणवेशात आणि एकेका कांबळ्यावर उभे केले होते.

मग दिल्लीतल्या सुयांनी रंग बदलला. मुलांचे निळे-लाल स्वेटर अर्धवट राहिले आणि खाटेखाटेवर एकच रंग दिसू लागला, शेवाळी हिरवा. कॉलनीतल्या बायकांनी मंडळ केले. लोकर तिथून वजन करून मिळे, विणलेला स्वेटर परत वजन करून घेत. छाती चाळीस इंच, बाह्यांशिवाय. माझ्या साठ टाक्यांच्या जागी एकशेवीस-पंचवीस टाके आले. पहिला स्वेटर पुरा झाल्यावर माप पाहायला यांच्या अंगात घातला, तर हे त्यात दोनदा मावले असते. “फौजेत मला का घेत नाहीत ते आज कळलं,” असे म्हणून यांनी तो काढून ठेवला.

भाभीजींचा भाऊ नेफातच होता. नोव्हेंबरच्या आरंभी तार आली. त्यात मेल्याचे लिहिले नव्हते, बेपत्ता असे लिहिले होते. हा शब्द फार वाईट. रडावे तर अपशकुन, हसावे तर कसे? १९ नोव्हेंबरच्या रात्री बोमडिला पडल्याचे पंडितजींनी रेडिओवरून सांगितले, तेव्हा अंगणात कुणी मोठ्याने बोलेना. दोनच दिवसांनी चीनने आपण होऊन लढाई थांबवली आणि त्याच सुमारास यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला आले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे आम्ही मराठी माणसे ज्याला त्याला अभिमानाने सांगत होतो. भाभीजींना तेही मी सांगितले. त्या म्हणाल्या, “चांगलं झालं,” आणि ओळ पुरी केली.

त्या हिवाळ्यात त्यांनी किती स्वेटर विणले ते मंडळाच्या वहीत असेल. सगळे चाळिशीचे. एक मात्र छत्तीसचा विणला आणि तो मंडळाकडे दिला नाही. का, ते कुणी विचारले नाही.

डिसेंबरात सासूबाई आल्या. कल्याणला गाडी बदलून, पंजाब मेलने, एक पत्र्याची ट्रंक आणि लोणच्याच्या दोन बरण्या घेऊन. आल्या त्याच संध्याकाळी त्यांनी खुंटीवरची पिशवी पाहिली. पांढरी लोकर, तिच्यात अर्धी झालेली एवढीशी पाठ. त्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली.

“वीण छान आहे,” त्या म्हणाल्या. “पण आता हे उचलून ठेव. बाळ येईपर्यंत बाळाचं नवं काही घरात नको.”

ही चाल आपल्याकडे जुनी आहे. तान्ह्याला पहिले कपडे जुने घालायचे, नवे बारशाला. धुऊन धुऊन मऊ झालेले कापड तान्ह्याच्या कातडीला बरे, हे त्यातले शहाणपण. दृष्ट लागू नये ही त्यातली भीती. पण आमच्या घरात या चालीला आणखी एक अर्थ होता आणि तो आम्ही दोघींनीही बोलून दाखवला नाही. १९६० साली पुण्यात माझे पहिले बाळंतपण आठव्या महिन्यात झाले होते. मूल रडले नाही. त्या बाळासाठी सासूबाईंनी आपल्या हाताने बारा झबली शिवली होती. मी दवाखान्यातून घरी आले तेव्हा ती कपाटात नव्हती. कुठे गेली ते मी विचारले नाही.

मी पांढरी लोकर कपाटावर ठेवून दिली आणि शेवाळी हातात घेतली. जवानांसाठी विणायला सासूबाईंची हरकत नव्हती, उलट लोकरीची लडी दोन्ही हातांवर धरून त्या तास तास बसत आणि मी गुंडा करी. स्वतः मात्र त्या दुपारी जुन्या लुगड्यांची गोधडी घालायला बसल्या. ती हात-दीड हात लांब झाली आणि संपली. मी बघते आहे असे पाहून म्हणाल्या, “पाटावर घालायला होईल.” पाटावर घालायच्या गोधडीला चारी बाजूंनी लाल काठ आणि मध्ये चांदणी कशाला, ते मी विचारले नाही. आमच्या घरात त्या हिवाळ्यात न विचारण्याचेच पीक आले होते.

सासूबाई आणि भाभीजी यांची मैत्री हा एक स्वतंत्र विषय आहे. एकीला मराठीशिवाय काही येत नव्हते, दुसरीला मराठी ही भाषा आहे याचीच मला वाटते शंका होती. तरी दोघी खाटेवर बसून दोन-दोन तास बोलत. सासूबाई शेंगा सोलता सोलता पेशवाईपासून सुरुवात करीत, भाभीजी पिंडीच्या बाजारातून. मध्येच दोघी एकदम गप्प होत आणि एकदम माना हलवीत. मला दुभाषी म्हणून कधी बोलावले नाही.

जानेवारीत थंडी अशी पडली की खिडकीच्या काचा आतून ओल्या होत. मला आता मांडी राहिली नव्हती. लोकरीचा गुंडा पोटावर ठेवून विणावे लागे, आणि आतून लाथ बसली की तो उडून खाटेखाली जाई. “फौजी आहे,” भाभीजी म्हणत. सोन्याचे निर्बंध त्याच महिन्यात आले. नवा दागिना चौदा कॅरटच्या वर करायचा नाही असा कायदा झाला, तेव्हा सासूबाई पहिल्यांदाच सरकारवर खूश झाल्या. बाळाला नवे सोनेही आता सरकारनेच बंद केले होते! २७ जानेवारीला नॅशनल स्टेडियमवर लताबाई गायल्या आणि पंडितजींचे डोळे भरून आले, ही बातमी दुसऱ्या दिवशी खाटाखाटांवरून फिरली. ती ऐकता ऐकता भाभीजी उठून आत गेल्या. परत आल्या त्या हातात एक लहान स्वेटर घेऊन.

किरमिजी रंगाचा, आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा. कोपरांवर झिरझिरीत झालेला.

“छावणीत विणला होता,” त्या म्हणाल्या. त्यांची पंजाबी मी मराठीत सांगते आहे, तिचा ठसका काही मला आणता येत नाही. “आमच्या बाऊजींचा कोट-स्वेटर होता. तेवढाच अंगावर घालून मी निघाले होते. भाऊ थंडीनं काकडायला लागला तेव्हा तो उसवला आणि त्याचा हा केला. सुया नव्हत्या, सायकलच्या चाकाच्या दोन तारा घासून घेतल्या.” मग माझ्या पोटाकडे पाहून म्हणाल्या, “नवी लोकर तुझ्या सासूला चालत नाही. ही जुनी आहे. हिचं होईल.”

त्यांनी कात्री घेतली, खांद्याची शिवण शोधली, त्या शिवणीचा दोरा कात्रीच्या टोकावर उचलला आणि तशाच बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी दोरा खाली सोडला, स्वेटरची घडी केली आणि आत नेऊन ठेवला. मीही पुढची ओळ घेतली.

दिल्लीतला वसंत आपल्या वसंतासारखा नाही, हे मला तोवर ठाऊक नव्हते. आपल्याकडे पळस पेटतो, मोगऱ्याला कळ्या धरतात, कैऱ्या दिसू लागतात. दिल्लीत वसंतपंचमीला बायका पिवळी वस्त्रे नेसतात, पिवळा गोड भात करतात, आणि बाहेर गारठा असतोच. पुढे राष्ट्रपती भवनातला मोगल बाग, त्याला आता अमृत उद्यान म्हणतात, लोकांना पाहायला उघडतात. क्वार्टरांपुढच्या वाफ्यांत फ्लॉक्स आणि स्वीट पी फुलतात. सेमलला, म्हणजे आपल्या काटेसावरीला, लालभडक फुले येतात. आणि मग एकाएकी पानगळ सुरू होते! कडुनिंबाची पाने वाऱ्याबरोबर रस्ताभर धावतात. शिशिर संपल्यावर पाने गळणारे हे शहर पाहून सासूबाईंनी कपाळाला हात लावला. “इथलं सगळंच उफराटं,” त्या म्हणाल्या. मला मात्र त्या पानांची धास्ती वाटू लागली. आठवा महिना सरला होता. गेल्या वेळी जिथे थांबले तो टप्पा मागे पडला होता, आणि आता एकेक दिवस मी टाक्यांसारखा मोजत होते. थंडी सरत चालली तशी माझ्या मनाची ओढ चमत्कारिक झाली. थंडी राहावी, म्हणजे विणायला दिवस राहतील. थंडी जावी, म्हणजे बाळ येईल. दोन्ही एकदम कसे व्हावे?

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात रेडक्रॉसमार्फत भाभीजींना पत्र आले. अक्षर भावाचे. कैदेत होता, पायाला थंडीने इजा झाली होती, जिवंत होता.

अंगणात जे झाले ते लिहिण्याजोगे नाही, ऐकण्याजोगे होते. ढोलक कुठून आला कोण जाणे. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि ती वाटीभर साखर स्वतः नेऊन भाभीजींच्या तोंडात घातली. मग भाभीजींनी डोळे पुसले, आत जाऊन तो किरमिजी स्वेटर आणला, कात्रीच्या टोकाने दोरा उचलला आणि कचकन कापला.

लोकर उसवताना पाहण्यासारखी असते. स्वेटर विणून संपतो ते टोक गळ्याशी सापडते. ते ओढले की ओळीमागून ओळ सुटत येते आणि धागा शेवयांसारखा नागमोडी होऊन मांडीवर पडतो. पंधरा वर्षे टाक्यांत वाकून बसलेला धागा, तो लगेच सरळ होत नाही. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून त्याची लडी करतात, चार ठिकाणी सैल बांधतात, रिठ्याच्या पाण्यात धुतात आणि खाली काहीतरी जड बांधून सावलीत टांगतात. रिठे सासूबाईंनी भिजवले. वजनाला आमचा पितळी तांब्या बांधला. कोपरांवरचा विरलेला भाग टाकून दिला तरी जाकीट, टोपडे आणि पायमोजे यांना पुरून उरेल एवढी लोकर निघाली.

“कापड एकदा कापलं की गेलं,” भाभीजी लडी पिळता पिळता म्हणाल्या. “लोकर कुठं जाते?”

सासूबाईंनी लडी हुंगली, गालाला लावून पाहिली. “जुनी आहे ना? मग हरकत नाही,” एवढेच म्हणाल्या.

मी पंधरवडाभर विणत होते. साठ टाके, किरमिजी. दुपारी आता उन्हात बसवेना, खाटा सावलीकडे सरकू लागल्या होत्या. पाठ झाली, दोन पुढे झाले, बाह्या झाल्या. टोपडे भाभीजींनी दोन दिवसांत उडवले. पायमोज्यांच्या टाचेत मात्र माझे गणित अडले होते, तेव्हा एक मोजा सुईवर असतानाच होळीच्या चार दिवस आधी पहाटे मला दवाखान्यात न्यावे लागले. सुया पिशवीतून बरोबर गेल्या. कशाला, ते सांगता येणार नाही.

मुलगी झाली. ती रडली. अशी रडली की दाराबाहेर सासूबाईंना ऐकू गेले, आणि त्या मटकन बाकावर बसल्या, असे यांनी मागाहून सांगितले.

दोन तासांनी त्या आत आल्या. हातात एक गाठोडे होते. लाल काठांची ती चांदणीची गोधडी त्यांनी पसरली, ती पाटावर घालायची. मग गाठोड्यातून एकेक करून बाहेर काढली ती बारा झबली. मलमलची, पाठीवर बंद असलेली, गळ्याला बारीक टाक्यांची वेल असलेली. ती मी ओळखली. प्रत्येक धुतलेले, प्रत्येकाची घडी वेगळी, घड्यांत कापूर.

मी त्यांच्याकडे पाहिले.

“नवी नव्हेत,” सासूबाई म्हणाल्या. “साठ सालची आहेत.”

आत ते झबले, वर किरमिजी जाकीट. बाह्या बोटभर लांब होत्या. एका पायात मोजा होता, दुसऱ्या पायाचा भाभीजींनी तिथेच खाटेशी बसून पुरा केला.

ते जाकीट माझ्या लेकीने जेमतेम दहा दिवस घातले असेल. गुढीपाडवा २६ मार्चला होता. त्या दिवशी छताचा पंखा लावावा लागला. मेमध्ये भाभीजींचा भाऊ परत आला. इतका वाळलेला की तो छत्तीसचा स्वेटरही त्याच्या अंगात सैल झाला असता. पण लू चालू असताना तो घालून पाहा असे म्हणण्याची सोय नव्हती, तरी भाभीजी म्हणाल्याच. पाय किंचित ओढत तो आमच्याकडे मुलगी पाहायला आला. कोनाड्यात ठेवलेले टोपडे त्याने उचलले, मुठीवर चढवले आणि निरखत राहिला. “हा रंग मी कुठंतरी पाहिला आहे,” तो म्हणाला. भाभीजींनी त्याला सांगितले नाही. त्या चहा टाकायला माझ्या स्वयंपाकघरात आल्या आणि चहा उतू जाईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

हाताने विणणे आता दिल्लीतही कमी झाले आहे. लुधियान्याचे तयार स्वेटर ढिगाने मिळतात, स्वस्त असतात, आणि लोकर म्हणून जे मिळते ते बहुधा ॲक्रिलिक असते. माझी लेक साठीची झाली. तिला विणता येत नाही, आणि त्यावाचून तिचे काही अडलेलेही नाही.

१९६३ च्या नोव्हेंबरात पुन्हा खाटा बाहेर आल्या. लेकीला ते किरमिजी जाकीट घालायला गेले, तर हात कोपरापुढे जाईना. सासूबाई तेव्हा पुण्याला होत्या. मी गळ्याशी टोक शोधले, सगळे उसवले, लडी धुतली, तांब्या बांधून टांगली. एवढ्या लोकरीत आता भागणार नव्हते, म्हणून स्टुलावर चढून कपाटावरची पांढरी काढली. चार ओळी किरमिजी, दोन ओळी पांढऱ्या. पाठीला या वेळी ऐंशी टाके घातले.